कच्चा टाका

तीस वर्षं माझे पाय पळतच होते
त्रिमूर्तीनगरच्या दहा बाय आठच्या दुकानात,
शिलाई मशीनच्या पायडलवर.
पोचले कुठे म्हणाल, तर कुठेच नाही.

मग मशीनला मोटर बसवली. पाय रिकामे झाले
आणि रिकाम्या पायांना सुचू लागलं.

डिसेंबरातली पहाट. चेतनचे जुने बूट,
पुण्याला जाताना तो मागे ठेवून गेलेला,
एक नंबर मोठे, म्हणून पुढे अस्तराची चिंधी कोंबली
आणि हिंगणा रोडला मेट्रोच्या खांबांखालून निघाले.
पहिल्या दिवशी चार खांब.
तिसऱ्या दिवशी नऊ.
आठवड्यात वीस, न थांबता!
उत्साह इस्त्रीसारखा असतो,
फार तापला की आधी वास येतो.
मला आला नाही. सर्दी होती.

टपरीवरचे बोकडेकाका पातेलं ढवळता ढवळता म्हणाले,
"काहून पळून राहिल्या बाई? काही हरपलं का?"
"हाव," म्हटलं, "तेच शोधून राहिली."

नवव्या दिवशी नडगीच्या आतल्या कडेला
कुणीतरी सुई टोचून विसरून गेलं.
अंगठ्याचं नख जांभळं, वांग्यासारखं.
मी बाम चोळला आणि आणखी पळाले,
दुखणं मागे पडेल म्हणून.
त्याचा वेग माझ्याइतकाच होता.

प्रणोती खोब्रागडे फिटिंगला आली, फिजिओथेरपिस्ट,
भावाच्या लग्नासाठी मोरपंखी ब्लाउज.
माझं लंगडणं बघून टेप माझ्या हातातून काढून घेतला,
मला स्टुलावर बसवलं,
बोटानं नडगी चाचपत वरून खाली गेली.
आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली,
माझं कुणी घेतलं नव्हतं.

"किती पळता?"
"वीस खांब." (जरा तोऱ्यातच.)
ती रागावली नाही. आरशात बघत म्हणाली,
"माझं ब्लाउज पहिल्या खेपेला थेट पक्कं शिवता का?"
"छे. आधी कच्चा टाका. घालून बघायचं, मग पक्कं."
"मग हाडाला काहून नाही, ताई?
दम पंधरा दिवसांत वाढतो.
हाडाला महिने लागतात, आणि ते बोलत नाही,
बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो."

मी मापांच्या वहीत लिहून घेतलं,
तिच्याच पानावर, बाही दहा, कंबर बत्तीसच्या खाली:
दोन आठवडे पळणं बंद.
उंबऱ्यावर उभं राहून टाचा वर, टाचा खाली.
मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं,
एक दिवस आड, आणि मातीवर, सिमेंटवर नाही.
पावलं छोटी.
बूट संध्याकाळी घ्यायचे, पाय सुजलेले असताना.
एकाच जागी बोट ठेवल्यावर हाड ठणकलं,
किंवा रात्री झोपेतून उठवलं,
तर दुकानात थांबायचं नाही, दवाखान्यात यायचं.

सीताबर्डीतल्या पोऱ्यानं विचारलं, "कोणासाठी, काकू?"
अठ्ठावीसशे रुपये.
आठ अस्तरवाल्या ब्लाउजांची शिलाई
पायात घालून घरी आले.

ते दोन आठवडे सर्वांत अवघड गेले.
उंबऱ्यावर टाचा उचलताना गिऱ्हाइकं विचारायची,
वर काय ठेवलंय?

आता मार्च. साडेपाचलाच निघावं लागतं,
सातनंतर नागपूरचं ऊन ओळख दाखवत नाही.
शाळेमागच्या मैदानात, मुरमावर,
एक मिनिट पळते, दोन मिनिटं चालते.
नख गळून पडलं, खालून नवं आलंय,
बटणाएवढं, गुलाबी.

परतताना टपरीसमोरून चालतच होते.
"पळणं सुटलं का बाई? दमल्या?"
"नाही काका. कच्चा टाका घालून राहिली."

त्यांना काही कळलं नाही.
चहा उतू गेला, ते तिकडे वळले.
मैदानावरच्या पोरी मला मागे टाकून गेल्या त्याचं
घरी पोचेपर्यंत थोडं वाईट वाटलं. थोडंच.